यादी-संस्काराची लघुसूत्रे : समता, क्रम व अक्षर या दृष्टींनी एक परीक्षण

(१)

संगणकाच्या भाषांत जिला ‘ॲरे’ म्हणतात ती वस्तुतः एक क्रमबद्ध यादी होय. या यादीतून काही घटक वेचून काढणे, पुनरुक्त घटक गाळणे, यादीचे सारखे भाग पाडणे, तिच्यातील घटकांचे गट करणे, दोन याद्यांच्या जोड्या लावणे, ही कामे जावास्क्रिप्ट या भाषेत पदोपदी करावी लागतात. ती प्रत्येक वेळी नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून दोन-तीन ओळींची छोटी फलने रचून ठेवण्याची प्रथा त्या भाषेत रूढ झाली आहे. एकदा रचावे, नाव द्यावे आणि पुढे हवे तेथे केवळ नावाने पाचारण करावे, असा त्यांचा उपयोग असतो. प्रस्तुत लेखात अशा फलनांना ‘लघुसूत्र’ ही संज्ञा योजली आहे.

हा विषय गणिताचा किंवा अभियांत्रिकीचा आहे, भाषाशास्त्राचा त्याच्याशी संबंध काय, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाची बहुतेक सामग्री याद्यांच्याच रूपाने त्याच्यापुढे येते. शब्दसूची, बोलीच्या पाहणीतील नोंदी, ग्रामनामांची यादी, कोशाची पूर्वतयारी, या साऱ्या अखेर याद्याच होत. एके काळी ही कामे कार्डांच्या खोक्यांत होत असत. आज ती संगणकावर होतात, आणि ती करणारा विद्यार्थी पुष्कळदा दुसऱ्याने रचलेली लघुसूत्रे जशीच्या तशी उचलून वापरतो. ही सूत्रे आशयाच्या बाबतीत तटस्थ असतात, यादी आकड्यांची असो वा शब्दांची, त्यांना काही फरक पडत नाही, असा समज यामागे असतो. तो समज कितपत खरा आहे, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

या चिकित्सेसाठी कसोटी म्हणून एक साधी यादी पुरेशी आहे : बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्यांची. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार, मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर अशी ही तेरा नावे आहेत. यादी लहान आहे, परिचित आहे, आणि तिच्यात चूक झाली तर ती विदर्भातील कोणाही वाचकाच्या तत्काळ ध्यानात येईल.

(२)

प्रथम या सूत्रांची परंपरा व त्यांचे गुण यांचा विचार करणे न्याय्य होईल. यादीतील प्रत्येक घटकावर एकच संस्कार करून नवी यादी निर्माण करणे ही कल्पना जावास्क्रिप्टहून फार जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली मांडलेल्या लिस्प या भाषेत ती स्पष्टपणे आढळते. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ च्या ग्रंथातील संकेतपद्धतीत तर संपूर्ण यादी हाच विचाराचा एकक मानला आहे. जावास्क्रिप्टचा जन्म १९९५ चा. प्रारंभीच्या काळात या भाषेपाशी यादीचे संस्कार अगदी मोजके होते. ही उणीव प्रोटोटाइप, मूटूल्स, अंडरस्कोर आणि लोडॅश या सूत्रसंग्रहांनी भरून काढली. डिसेंबर २००९ मध्ये प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत मॅप, फिल्टर, रिड्यूस, सम, एव्हरी ही फलने भाषेचाच भाग झाली. पुढे २०१६ मध्ये इन्क्लूड्स, २०१९ मध्ये फ्लॅट, २०२३ मध्ये टू-सॉर्टेड, २०२४ मध्ये ग्रुप-बाय, अशी एकेक भर पडत गेली. बोलीत रुळलेला प्रयोग कालांतराने प्रमाणभाषेत स्वीकारला जावा, तसाच हा क्रम आहे.

या सूत्रांचा मुख्य गुण लाघव हा होय. फेरा कोठून सुरू करावा, कोठे थांबवावा, मोजणी कशी वाढवावी, हा सारा तपशील ती पोटात घेतात, आणि वाचणाऱ्याला केवळ हेतू दिसतो. अर्धी मात्रा वाचली तरी धन्यता मानणाऱ्या वैयाकरणांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गुणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. किंबहुना पाणिनीय प्रत्याहार आणि जावास्क्रिप्टमधील स्लाइस हे फलन यांत एक साम्य सहज दिसते. चौदा शिवसूत्रे ही वर्णांची एक क्रमबद्ध यादी. तिच्यातील एक वर्ण आणि पुढील एक इत् यांच्या जोडीने मधला संपूर्ण पट्टा निर्दिष्ट होतो. ‘अच्’ म्हणजे अकारापासून चकारापर्यंतचे सर्व स्वर. अंतिम च् मात्र त्यांत धरावयाचा नाही. स्लाइसमध्येही आरंभाचे स्थान धरले जाते आणि अंताचे वगळले जाते.

तथापि हे साम्य ताणणे युक्त नव्हे. उलट ज्या ठिकाणी ते तुटते तेथेच बोध अधिक आहे. शिवसूत्रांत ण् हा इत् दोनदा येतो, त्यामुळे ‘अण्’ या प्रत्याहारात कोणता णकार घ्यावा असा प्रश्न उद्भवतो. परंपरेने त्याचा निर्णय व्याख्यानाने केला : सवर्णग्रहणाचे एक सूत्र वगळता अण् पहिल्या णकाराने, आणि इण् सर्वत्र दुसऱ्या णकाराने. जावास्क्रिप्टमध्ये इंडेक्स-ऑफ हे फलन पहिले स्थान सांगते, लास्ट-इंडेक्स-ऑफ शेवटचे. संदर्भ पाहून निर्णय देणारे तिसरे फलन नाही, असूही शकत नाही. पाणिनीच्या सूत्रामागे व्याख्यानाची अखंड परंपरा उभी आहे. लघुसूत्र उचलणाऱ्या विद्यार्थ्यामागे तशी काही नसते. म्हणून जे व्याख्यानाने सुटत असे ते येथे सूत्रातच लिहिलेले असले पाहिजे, किंवा ते नाही याची जाणीव तरी असली पाहिजे.

(३)

लघुसूत्र नावाने चालते. म्हणून नावांचे परीक्षण आधी करावे लागते. फिल्टर या फलनाला एक कसोटी द्यावयाची असते. कसोटीस उतरलेले घटक नव्या यादीत येतात. पण इंग्रजीतील हे क्रियापद मुळातच द्व्यर्थी आहे, कारण गाळण्यात राहिलेले घ्यावयाचे की खाली उतरलेले, हे ते सांगत नाही. मराठीत याला ‘निवडणे’ म्हणावे तर तोच दोष येतो. ‘उमेदवार निवडला’ या वाक्यात जो हवा तो कर्म आहे. ‘तांदूळ निवडले’ या वाक्यात मात्र कर्म म्हणजे संपूर्ण रास, आणि हाती येतात ते नको असलेले खडे. ‘वेचणे’ या क्रियापदात ही संदिग्धता नाही. कापूस वेचला काय आणि खडे वेचले काय, जे हातात आले तेच कर्म. वऱ्हाडातील कापसाच्या शेतात हा शब्द रोज वापरला जातो, आणि फिल्टरचा नेमका अर्थ त्यानेच व्यक्त होतो. परिभाषा घडविताना संस्कृत धातूंकडे धाव घेण्यापूर्वी शेतातील व स्वयंपाकघरातील क्रियापदांची कर्मे तपासावीत, असे यावरून सुचते.

दुसरे उदाहरण क्रियापदाच्या रूपाचे आहे. सॉर्ट हे जुने फलन मूळ यादीचाच क्रम बदलून टाकते. ज्या विद्यार्थ्याने पाहणीच्या क्रमाने नोंदी केल्या आणि केवळ पाहण्यापुरता वर्णानुक्रम लावला, त्याचा पाहणीचा क्रम कायमचा गेला. ही हानी टाळण्यासाठी २०२३ मध्ये टू-सॉर्टेड हे फलन आले. ते मूळ यादीस हात न लावता नवी यादी देते. येथील भेद आज्ञार्थ व कृदंत यांचा आहे. ‘क्रम लाव’ ही आज्ञा यादीवर क्रिया घडविते; ‘क्रम लावलेली यादी’ ही क्रियेची निष्पत्ती असून मूळ यादी तिच्याहून वेगळी राहते. प्रोग्रामिंगच्या भाषेला असा महत्त्वाचा भेद धातूच्या रूपाने दाखवावा लागला, ही गोष्ट भाषाशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय आहे.

तिसरे उदाहरण नावांच्या टकरीचे. यादीच्या पोटातील याद्या उलगडून एकसलग यादी करणाऱ्या फलनास ‘फ्लॅटन’ हे नाव स्वाभाविक होते. परंतु मूटूल्स या जुन्या संग्रहाने त्याच नावाचे, थोड्या भिन्न वर्तनाचे फलन आधीच रूढ केले होते, आणि त्यावर उभी असलेली जुनी संकेतस्थळे मोडतील अशी भीती २०१८ मध्ये निर्माण झाली. पुष्कळ वादानंतर ‘फ्लॅट’ हे नाव स्वीकारावे लागले. त्यापूर्वी ‘कन्टेन्स’ या नावाचे ‘इन्क्लूड्स’ होण्यासही हेच कारण घडले होते. फ्रेंच बोलींचा नकाशा काढणाऱ्या झील झिलिएरों यांनी गॅस्कनीतील असाच प्रकार दाखवून दिला आहे : ध्वनिपरिवर्तनामुळे कोंबडा व मांजर या दोहोंस एकच शब्द प्राप्त झाला तेव्हा कोंबड्यासाठी दुसरा शब्द शोधावा लागला. समरूपतेचा संघर्ष जेथे व्यवहार अडवितो तेथे एका शब्दास माघार घ्यावी लागते. मग ती भाषा शेतकऱ्यांची असो वा यंत्राची.

(४)

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. पुनरुक्ती गाळणारे लघुसूत्र बहुधा एका ओळीचे असते : यादीचा संच करावा आणि संचाची पुन्हा यादी करावी. ही ओळ इतकी निरागस दिसते की तिच्यात एखादा सिद्धान्त दडला असेल अशी शंकाही येत नाही. परंतु पुनरुक्ती गाळावयाची म्हणजे कोणते दोन घटक ‘तेच’ आहेत हे आधी ठरवावे लागते. आणि शब्दांच्या बाबतीत हे ठरविणे हाच भाषाशास्त्राचा अर्धा उद्योग आहे.

कसोटीची यादी घेऊन पाहावे. जिल्ह्याचे नाव ‘बुलढाणा’ असेही लिहितात आणि ‘बुलडाणा’ असेही. जुन्या छापील कागदांत ‘खामगांव’, ‘शेगांव’ अशी सानुस्वार रूपे सर्रास आढळतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाल्यानंतर ‘गाव’ हे निरनुस्वार रूप प्रमाण ठरले. जुन्या व नव्या कागदांतील ग्रामनामे एकत्र करून हे लघुसूत्र चालविले, तर एकाच गावाची दोन गावे होतील आणि कोणतीही सूचना मिळणार नाही. यंत्राची समता ही संकेतांकांची समता असते, नावांची नव्हे.

इतक्यावरही भागत नाही. डोळ्यांना पूर्णतः एक दिसणारी दोन रूपे संकेतांकांत भिन्न असू शकतात. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा रकार लिहिण्याच्या दोन रीती आहेत : एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात, दुसरीत साधा रकार, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य, शून्य रुंदीचा संयोजक योजतात. छापल्यावर दोहोंत भेद दिसत नाही. लघुसूत्र मात्र त्यांस दोन शब्द मानते. युनिकोडने सांगितलेली प्रमाणीकरणाची प्रक्रिया केल्यास स्वतंत्र ‘ऱ’ आणि रकाराला टिंब जोडून केलेला ‘ऱ’ एक होतात. संयोजकाची रीत मात्र वेगळीच राहते. २००८ मध्ये स्वतंत्र संकेतांक मिळालेला ‘ॲ’ आणि अकारावर चंद्र देऊन केलेला त्याचा जुना आकार, हेही प्रमाणीकरणाने एक होत नाहीत. उलट, ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ असे एखादे सफाईचे लघुसूत्र चालविले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली दक्षिणा ‘आचार्यांना’ पोचते. सातपुड्याच्या दऱ्यांचा समुद्र करण्याचे सामर्थ्य ज्या एका ओळीत आहे, तिला तटस्थ म्हणता येणार नाही.

बोलीच्या पाहणीत हा प्रश्न अधिक खोल जातो. वऱ्हाडीत ‘ळ’ च्या जागी ‘य’ ऐकू येतो. ‘डोळा’चा ‘डोया’, ‘काळा’चा ‘काया’ होतो. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडीचा परामर्श आहे, आणि आजही जिल्ह्यात हे उच्चार कानी पडतात. ‘डोळा’ व ‘डोया’ हे एक की दोन? शब्दसंग्रह मोजणाऱ्यास ते एक. ध्वनिपरिवर्तनाची सीमारेषा काढणाऱ्यास ते दोन. दोन्ही उत्तरे आपापल्या ठायी बरोबर आहेत. यास्तव पुनरुक्ती गाळण्याचे जे सूत्र समतेचा निकष बाहेरून मागून घेत नाही, ते शब्दांच्या यादीपुरते अपूर्ण मानावे लागते. लोडॅशसारख्या संग्रहांत निकष स्वीकारणारे रूपही दिलेले आहे. परंतु नकलून घेतली जाते ती बहुधा निकष नसलेली एक ओळच.

(५)

समतेनंतर क्रम. सॉर्ट या फलनास काहीच सांगितले नाही तर ते प्रत्येक घटकाची अक्षरमाला करते आणि यूटीएफ-१६ या पद्धतीतील संकेतांकांची तुलना करते. आकड्यांच्या बाबतीत याचा परिणाम प्रसिद्धच आहे : ९, १३ व १०० यांचा क्रम १००, १३, ९ असा लागतो.

तेरा तालुके या फलनाच्या स्वाधीन केले असता पुढील क्रम मिळतो : खामगाव, चिखली, जळगाव जामोद, देऊळगाव राजा, नांदुरा, बुलढाणा, मलकापूर, मेहकर, मोताळा, लोणार, शेगाव, संग्रामपूर, सिंदखेड राजा. प्रथमदर्शनी हा क्रम निर्दोष वाटतो, आणि येथेच खरा धोका आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय संकेतावर बेतलेली असून तीत वर्णमालेचा क्रम बहुतांशी राखला आहे. मात्रांचे अंक व्यंजनांच्या पुढे ठेवल्यामुळे ‘मलकापूर’ हे ‘मेहकर’च्या आधी येते. परंतु अखेरच्या जोडीकडे पाहावे. बाराखडीत ‘सं’ हे रूप ‘सौ’नंतर शिकवितात, तो क्रम अक्षरशः पाळला तर ‘सिंदखेड राजा’ आधी आणि ‘संग्रामपूर’ नंतर यावयास हवे. संकेतावलीत अनुस्वाराचा अंक स्वरांच्याही आधी असल्याने उलटे घडते. अनुस्वाराच्या स्थानाविषयी कोशकारांच्या प्रथा एकसारख्या नाहीत हे खरे. पण कोशकार आपली प्रथा प्रस्तावनेत सांगतो, लघुसूत्र ती गृहीत धरून मूक राहते.

‘ळ’चे उदाहरण तर निर्विवाद आहे. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’च्या पुढे, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांच्या आधी आहे. संकेतावलीत तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसला आहे. म्हणून ‘काळ’ हा शब्द ‘कास’च्या आधी येतो, ‘नळ’ हा ‘नवस’च्या आधी. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे तर संकेतांकांच्या दृष्टीने जोडाक्षरेच असल्याने अनुक्रमे ककार व जकार यांच्या प्रकरणांत विखुरले जातात. तालुक्यांच्या यादीत हा दोष उघडकीस येत नाही, कारण जळगावशिवाय जकाराने आरंभ होणारे दुसरे नाव तीत नाही. लहान यादीवर सूत्र तपासून मोठ्या यादीवर विसंबणे कसे फसवे असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

यावर उपाय उपलब्ध आहे. २०१२ पासून जावास्क्रिप्टच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या प्रमाणग्रंथात तुलनेचे एक साधन दिले असून त्यास भाषेचे नाव सांगता येते. सॉर्टला ते जोडले की संकेतांकांऐवजी त्या भाषेसाठी नोंदलेल्या क्रमाने तुलना होते. मात्र ती नोंद म्हणजेही कोणीतरी घेतलेला निर्णय आहे, हे विसरून चालणार नाही. आपल्या कोशाची प्रथा तिच्याशी जुळते की नाही, हे ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ व अनुस्वार यांच्या चार-दोन जोड्यांवर तपासून घेणे हे अभ्यासकाचे कर्तव्य राहते.

क्रमाविषयी आणखी एक गोष्ट. दोन घटक तुलनेत समान ठरले तर त्यांचा मूळ पूर्वापरभाव टिकावा, हा नियम २०१९ च्या आवृत्तीपर्यंत बंधनकारक नव्हता. क्रोम या ब्राउझरच्या यंत्रणेत २०१८ पर्यंत दहापर्यंतच्या याद्यांना एक पद्धत व त्याहून मोठ्या याद्यांना दुसरी पद्धत वापरली जाई, आणि दुसऱ्या पद्धतीत हा पूर्वापरभाव टिकण्याची हमी नसे. म्हणजे दहा तालुक्यांवर सिद्ध झालेले सूत्र तेरा तालुक्यांवर डळमळू शकत होते.

(६)

तिसरा प्रश्न घटकाचा आहे. अक्षरमालेचे तुकडे करून त्यांची यादी बनविणे व तिजवर संस्कार करणे ही या सूत्रांची आवडती रीत. शब्द उलटा करण्याचे सूत्र हे त्याचे नमुनेदार उदाहरण : तुकडे करा, यादी उलटवा, पुन्हा जोडा. इंग्रजी शब्दांवर ते बिनचूक चालते. ‘शेगाव’ या नावावर चालविले तर उत्तर येते ‘वागेश’. अक्षरांनुसार उत्तर ‘वगाशे’ असावयास हवे होते. येथे मात्रा आपापल्या व्यंजनांस सोडून शेजारच्या व्यंजनांस चिकटल्या आहेत, आणि दुर्दैवाने परिणाम एखाद्या खऱ्या नावासारखा दिसतो. ‘लोणार’चे ‘राणोल’ होते. ‘चिखली’च्या बाबतीत तर शब्दाच्या आरंभी निराधार वेलांटीच उरते.

याचे कारण उघड आहे. ‘शेगाव’मध्ये लेखनाची अक्षरे तीन, संकेतांक पाच. लघुसूत्रास ‘घटक’ म्हणून जे दिसते ते संकेतांक. प्रातिशाख्यकारांपासून अक्षर हा एकक मानणाऱ्या परंपरेस हा भेद नवा नाही. सूत्र रचणाऱ्याच्या लिपीत मात्र तो नसल्याने त्यास तो सुचला नाही. २०२२ पासून शब्दाचे लेखनदृष्ट्या अखंड तुकडे करणारे साधन जावास्क्रिप्टच्या प्रमाणात आले. तरीही युनिकोडच्या जुन्या नियमांत जोडाक्षर हलन्ताशी फुटत असे आणि ‘क्ष’चे दोन तुकडे पडत, २०२३ च्या आवृत्तीत देवनागरीसारख्या लिपींसाठी हा नियम सुधारला गेला. शब्दाची लांबी, उपान्त्य अक्षराचे ऱ्हस्वदीर्घत्व, यमक किंवा प्रत्यय यांचा अभ्यास करणाऱ्याने कोणत्या एककाची मोजणी होत आहे हे न पाहता काढलेले कोष्टक विश्वासार्ह मानता येत नाही.

(७)

आणखी एक दोष संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. तो रिक्ततेसंबंधीचा आहे. एव्हरी हे फलन यादीतील प्रत्येक घटक कसोटीस उतरतो काय हे सांगते. रिक्त यादीवर त्याचे उत्तर ‘होय’ असे येते. तर्कशास्त्रात हे युक्तच आहे. ज्याचे उल्लंघन करणारा एकही घटक नाही ते विधान असत्य ठरत नाही. पण समजा, बोलीच्या पाहणीत एखाद्या तालुक्यातून ळकारयुक्त शब्दांची एकही नोंद आलेली नाही. ‘या तालुक्यात सर्वत्र ळचा य झाला आहे काय?’ असा प्रश्न या सूत्रास विचारला तर ते होकार देईल, आणि नकाशावर तो तालुका रंगविला जाईल. पुराव्याचा अभाव हाच पुरावा ठरेल. अशा नकाशावर कोणी सीमारेषा आखली, त्या रेषेवर कोणी सिद्धान्त मांडला, तर पुढच्या अभ्यासकास मूळ चूक शोधणे जवळजवळ अशक्य होईल.

याच्या उलट प्रकार कॉम्पॅक्ट या लघुसूत्राचा. यादीतील ‘पोकळ’ घटक काढून टाकणे हे त्याचे काम. परंतु पोकळ घटकांत ते शून्य या संख्येचीही गणना करते. एखाद्या गावात एखादा प्रत्यय शून्य वेळा आढळला, ही नोंद आहे. नोंद नसणे आणि शून्याची नोंद असणे यांत महदंतर आहे. शून्यांस गाळून काढलेली सरासरी नेहमीच फुगलेली असणार. देवनागरी अंकांची गत तर याहून वाईट : ‘१३’ अशी देवनागरीत नोंदलेली संख्या जावास्क्रिप्ट संख्या म्हणून ओळखत नाही, आणि तिचे संख्येत रूपांतर करू पाहताच ‘संख्या नव्हे’ असे चिन्ह हाती येते, ते एकदा बेरजेत शिरले की सारी बेरीज निरर्थक होते. हा दोष निदान दिसतो तरी. न दिसणारे दोष अधिक घातक होत.

गट करण्याच्या सूत्राचाही येथेच उल्लेख करावा. ग्रुप-बाय प्रत्येक घटकास एकच एक गट देते. ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ हा जिल्ह्यातील रूढ भेद तालुक्यांना लावला तर यादी दोन भागांत पडते : बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर व लोणार वर, उरलेले सात खाली. भूगोलासाठी हे सोयीचे आहे. परंतु मलकापूरच्या बाजूस खानदेशाची आणि सिंदखेड राजाच्या बाजूस मराठवाड्याची सरहद्द लागते. तेथील शब्द दोहोंकडचे असतात. बोलीची सीमा रेषा नसून पट्टा असते, हे ज्या शास्त्राने सिद्ध केले, त्याच शास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रत्येक शब्दास एकच कप्पा देणारे सूत्र विचार न करता वापरावे, हे विपरीत होय.

(८)

या सर्व विवेचनावरून लघुसूत्रे त्याज्य आहेत असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यांनी लेखन सुबोध केले. हेतू व तपशील यांची फारकत केली. आणि यादीकडे समग्रतेने पाहण्याची दृष्टी सामान्य प्रोग्रामरास दिली. मार्च २०१६ मध्ये केवळ अकरा ओळींचे एक लघुसूत्र सार्वजनिक भांडारातून काढून घेतले गेले, तेव्हा असंख्य प्रकल्पांची बांधणी काही काळ ठप्प झाली होती. ज्यांच्यावाचून इतका व्यवहार अडतो त्या गोष्टीस क्षुद्र म्हणता येत नाही. पण त्याच प्रसंगाने हेही दाखविले की, लहान म्हणून जिची कोणी चौकशी केली नाही अशा वस्तूवर मोठा डोलारा उभा असतो.

दोष लाघवाचा नाही; लाघवाच्या आड राहिलेल्या गृहीतांचा आहे. समता कोणती, क्रम कोणता, घटक कोणता आणि रिक्तता आली तर काय, हे चार प्रश्न यादीच्या प्रत्येक सूत्रात उत्तरित झालेलेच असतात. सूत्रकाराने उत्तर दिले नाही तर ते यंत्राने दिलेले असते. आणि यंत्राचे उत्तर इंग्रजी लिपीच्या सवयींनी घडलेले असते. म्हणून मराठी सामग्रीवर काम करणाऱ्याने सूत्र उचलताना त्याच्याबरोबर चार ओळींचे व्याख्यान लिहावे, हे चार निर्णय त्यात नोंदवावेत, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात ते व्याख्यान जोडावे. कोशाच्या प्रस्तावनेत वर्णक्रम सांगितला जातो, पाठसंपादनात पोथ्यांची निवड सांगितली जाते, तितकेच हे आवश्यक आहे.

सूत्र आणि भाष्य यांची सांगड घालण्याची सवय या भूमीतील विद्यापरंपरेस फार जुनी आहे. सूत्र जितके लहान, तितकी भाष्याची गरज मोठी, हे तिला ठाऊक होते. एका ओळीच्या सूत्राने ‘शेगाव’चे ‘वागेश’ होत असता सूत्र चालले एवढ्यावर समाधान मानणे तिला मानवले नसते. आजच्या अभ्यासकानेही ते मानू नये.